खोटं बोट

"आवडलं, नावडलं म्हणायचं नाही," आरवाडेकाका नेहमीप्रमाणे म्हणाले. "काय दिसलं, काय ऐकू आलं, तेवढंच सांगायचं. चला, कोण सुरुवात करतंय?"

कुणीच करेना. दिवे नुकतेच लागले होते. वाचनालयाच्या वरच्या मजल्यावरच्या त्या हॉलमध्ये माणसं डोळे मिचकावत एकमेकांकडे बघत होती. बाहेर सांगलीतली रविवारची दुपार होती आणि खाली रसवंतीच्या चाकाचे घुंगरू वाजत होते. सिनेमा संपल्यावर प्रत्येकानं बोललंच पाहिजे, असा आमच्या चित्रपट मंडळाचा नियम होता. आरवाडेकाकांचा फोटो स्टुडिओ होता आणि मंडळ त्यांनीच काढलेलं, त्यामुळे ते कुणाला गुपचूप जिना उतरू देत नसत.

पण त्या दिवशीचा सिनेमा म्हणजे रूढ अर्थानं सिनेमा नव्हताच. त्यात माणूस नव्हता, झाड नव्हतं, गोष्ट नव्हती. काळ्या पडद्यावर तांबडे गोल आणि निळ्या फुल्या फिरत होत्या आणि त्यांच्या चालीनं संगणकातून काढलेले आवाज येत होते. तो सिनेमा माझ्या आईनं केला होता. आई पहिल्या रांगेत मांडीवर पर्स धरून बसली होती, आणि दुसऱ्या दिवशी तिला मिरजेला हॉस्पिटलात दाखल करायचं होतं. हृदयाची एक झडप बदलायची होती. त्यासाठी मी पुण्याच्या कॉलेजातून रजा काढून आले होते.

"मी सांगू का?" आमच्या शेजारच्या शोभावहिनी उभ्या राहिल्या. "मला बाई फुली-गोळाच दिसला. लहानपणी पाटीवर खेळायचो तो."

"मग जिंकलं कोण?" आईनं मागे न वळता विचारलं.

"तेच तर कळलं नाही!"

सगळे हसले आणि मग माणसं मोकळी झाली. बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ म्हणाले, "मधला तो आवाज आमच्या मिक्सरसारखा होता. बिघडायच्या आधी अगदी असाच करायचा."

"दुरुस्त केलात?"

"नाही, नवीन घेतला."

"माझ्या डॉक्टरांचंही तेच म्हणणं आहे," आई म्हणाली.

पुन्हा हशा. मी हसले नाही. मी शेवटून दुसऱ्या रांगेत होते आणि खुर्चीचा हात अजून सोडला नव्हता.

एक बाई म्हणाल्या की ते गोल एकेक करून खाली घसरायला लागले तेव्हा त्यांच्या पोटात खड्डा पडला, लिफ्टमध्ये पडतो तसा. आईनं त्यांच्याकडे वळून बघितलं आणि मान हलवली. मग ते बँकवाले गृहस्थच पुन्हा उठले. "हे मॉडर्न असतं ते आम्हांला काही कळत नाही. पण सुमतीबाई, शेवटी तुम्ही ती शांतता ठेवलीय ना, ती फार सुंदर. इतक्या गलबल्यानंतर सगळं गेलं, पडदा काळा झाला आणि एकदम निवांत."

"हो हो, ती शांतता," दोन-तीन जण म्हणाले.

आईनं मान वळवून मागच्या रांगांवरून नजर फिरवली आणि माझ्यावर थांबवली.

"आता सुनीती," आरवाडेकाका म्हणाले. "दिग्दर्शिकेची मुलगी म्हणून सूट नाही. आणि तू तर साहित्य शिकवतेस."

मी उभी राहिले. "छान झालंय," म्हणाले आणि बसले.

"हे नियमात बसत नाही!" काका ओरडले. पण आईनं हात उचलून त्यांना थांबवलं, आणि तशाच उचललेल्या हाताचं एक बोट तेवढं ताठ करून हवेत धरलं. इतरांना वाटलं, ती काहीतरी बोलणार आहे. तिला बोलायचं नव्हतं. ती मला म्हणत होती : खोटं बोट.

आमच्या घरात हा शब्द तिच्या नोकरीतून आला होता. आई मिरजेच्या एका दवाखान्यात कान तपासायची. मशीनजवळ ती बसे आणि काचेपलीकडे, आवाज आत न येणाऱ्या छोट्या खोलीत, पेशंट कानांवर हेडफोन लावून बसे. आई एकेक बारीक सूर सोडायची. ऐकू आला की पेशंटनं बोट वर करायचं. उजव्या कानाला तांबडा गोल, डाव्या कानाला निळी फुली, अशा खुणा ती तक्त्यावर करत जायची. ऐकू जितकं कमी, तितकी खूण खाली. पण ऐकू येईनासं झालं की माणसं घाबरतात. आपण नापास होणार, असं त्यांना वाटतं, आणि मग काही वाजलेलं नसतानाही ती बोट वर करतात. आई ते बरोबर ओळखायची. "खोटं बोट जरा घाईनं वर येतं," ती सांगायची. "आणि खाली जाताना चोरासारखं जातं."

शाळेला सुट्टी असली की मी तिच्याबरोबर जायची. पेशंट नसला तर त्या खोलीत जाऊन बसायची. जाड दार लागलं की बाहेरचं सगळं बंद व्हायचं आणि मला स्वतःच्या छातीतलं ऐकू यायला लागायचं. आई काचेपलीकडे खाली मान घालून काहीतरी लिहीत असायची. मग मी बोट वर करायची. काही वाजत नसायचं, पण बोट वर केलं की ती मान वर करून बघायची.

निवृत्त झाल्यावर तिनं संगणकावर हे सुरू केलं. कुणी शिकवलं नाही, कुठल्या क्लासला गेली नाही. जेवणाच्या टेबलाशी बसून एकेका गोलाला तासन्‌तास हलवत राहायची. मी फोनवर विचारलं, "हे कशासाठी करतेस?" तर म्हणाली, "तू पुस्तकं वाचतेस ती कशासाठी?" मग मी विचारणं सोडलं.

त्या रविवारी आम्ही रिक्षानं घरी आलो. आई फार कडक पाळणारी नव्हती, तरी जेवण मात्र दिवस मावळायच्या आत करायची जैन घरातली सवय तिनं सोडली नव्हती. मी भाकरी केल्या. वांग्याची भाजी दुपारचीच होती. पश्चिमेच्या खिडकीतून उन्हाचा तुकडा ओट्यापर्यंत आला होता आणि आई त्या उन्हात ताट घेऊन बसली होती.

"तुझी भाकरी अजून कर्नाटकाच्या नकाशासारखीच होते," ती म्हणाली.

"खा की गप."

तिनं खाल्लं. मग पाण्याचा घोट घेतला. "आता सांग. शेवटी काय होतं?"

"कशाच्या?"

"वेड पांघरू नकोस. पडदा काळा झाल्यावर."

"काळोख होता."

"आणि?"

मी ताटात बघत राहिले.

"हे बघ, नीट ऐक," आई म्हणाली. "तिथं शांतता नाहीये. तिथं मी एक सूर ठेवलाय. खूप वरचा, बारीक. माझ्या वयाच्या माणसाला तो ऐकूच येत नाही. संगणकावर मला त्याची रेघ दिसते. पण रेघ दिसणं म्हणजे ऐकणं नाही. त्या हॉलमध्ये आज सगळे म्हातारे. तू एकटीच पस्तिशीची. तुला ऐकू येणार. म्हणून विचारतेय, तो आहे का? आणि कुठपर्यंत आहे? मध्येच तुटत नाही ना?"

"जो तुला ऐकूच येत नाही तो ठेवायचा कशाला?"

ती जरा थांबली. बोलताना तिला हल्ली असं थांबावं लागायचं. "नोकरीत रोज बघायचे मी. सूर चालू असायचा आणि समोरच्याचं बोट खाली जायचं. त्याच्यापुरता तो संपला. मशीनमध्ये मात्र चालूच. मला वाटायचं, ह्याच्या पुढचं कोण ऐकतंय?" तिनं ओठांना पदर लावला. "आता माझंच बोट खाली गेलंय. म्हणून तुला विचारतेय."

माझ्या हाताला भाकरीचं पीठ तसंच होतं. ते वाळून कातडी ओढल्यासारखी झाली होती.

"परत आल्यावर सांगते," मी म्हणाले.

"कुठनं परत?"

"हॉस्पिटलातनं. घरी आलीस की सांगते. सगळं, सविस्तर."

"आत्ता काय तोंडात गुळणी धरलीयस?"

"आई, नको ना आत्ता."

ती माझ्याकडे बघत राहिली. काचेपलीकडून बघायची तशी. मग हसायला लागली आणि हसता हसता तिला धाप लागली. मी पाठीवरून हात फिरवला.

"म्हणजे माझं काम अडवून ठेवायचं," ती म्हणाली. "बाई तेवढ्यासाठी परत येईल, असं होय? एवढं शिकलीस आणि अक्कल माझ्या आज्जीची. तिनं नवऱ्याचा पानाचा डबा लपवून ठेवला होता, तो लढाईवर निघाला तेव्हा; डब्यासाठी तरी परत येईल म्हणून."

"मग आले ना ते?"

"आले की. एका पायानं आले, पण आले."

ऊन ओट्यावरून उतरलं. आईनं ताट उचललं आणि मी नको म्हणत असतानाही स्वतःच विसळलं.

सोमवार तपासण्यांत गेला. मंगळवारी सकाळी तिला न्यायला आले तेव्हा तिच्या बांगड्या, चष्मा, कानातलं माझ्या ओंजळीत होतं. हिरव्या टोपीखाली तिचं कपाळ एकदम लहान दिसत होतं. नर्स म्हणाली, "आजी, भीती वाटते का?"

"मला नाही. हिला विचारा," आई म्हणाली.

ते खरं होतं. मला इतकी भीती वाटत होती की ओंजळीतल्या बांगड्या वाजत होत्या, आणि त्या वाजू नयेत म्हणून मी त्या छातीशी दाबून धरल्या होत्या. गेले दोन दिवस मी हसून बोलले होते, डॉक्टरांना नेटके प्रश्न विचारले होते, सह्या केल्या होत्या. सगळे म्हणत होते, मुलगी धीराची आहे.

दारापाशी स्ट्रेचर थांबलं. पलीकडून कुणीतरी दार उघडायचं होतं. आईनं मान माझ्याकडे वळवली. चष्म्याशिवाय तिला मी नीट दिसत नसणार.

"सविस्तर नको," ती म्हणाली. "नुसतं हो का नाही, एवढंच सांग. होता का सूर?"

माझ्या जिभेवर आलं होतं. पण ते एकदा बोललं की तिला परत येण्यासाठी काही उरणार नाही, असं मला वाटलं. आजही मला त्याहून शहाणं कारण सापडत नाही.

"आल्यावर, आई."

"बरं," ती म्हणाली. "येते मग."

आमच्याकडे घरातून निघताना कुणी 'जाते' म्हणत नाही, 'येते' म्हणतात. तिनं 'येते' म्हटलं, दार उघडलं आणि तिला आत नेलं. ते म्हणताना तिनं चादरीखालून हात थोडा वर केला होता. बोट होतं की नुसता हात, ते मला चादरीमुळे दिसलं नाही.

बाहेरच्या बाकावर माझ्या शेजारी शोभावहिनी बसल्या होत्या. त्या जप करत होत्या आणि मी भिंतीतल्या एका पंख्याकडे बघत होते. पंख्याचा आवाज येत होता. मग मला वाटायला लागलं की त्या आवाजाच्या मागे आणखी एक आवाज आहे, फार बारीक, सुईसारखा. मी वहिनींना विचारलं, "काही वाजतंय का हो?" त्या म्हणाल्या, "नाही गं, काही नाही. चहा घेतेस?" मी कान झाकले. तो थांबला नाही.

दुपारी डॉक्टर बाहेर आले. त्यांनी टोपी काढून हातात धरली होती. झडप नीट बसली होती, पण हृदय पुन्हा आपलं आपण चालू झालं नाही. त्यांनी खूप वेळ प्रयत्न केला होता. ते तसे भले गृहस्थ होते. मी "हो," म्हटलं, "समजलं," म्हटलं आणि विचारलं, "तिचा चष्मा माझ्याकडे आहे, तो आता द्यायचा का?"

त्यानंतर मी तिचं ते काम कधी उघडलं नाही. तिचा संगणक पुण्याला आणला, कपाटात वर ठेवला. घर बदललं तेव्हा नव्या घरात पुन्हा वर ठेवला. कपाटाचं ते दार मी उगाच उघडत नसे. बंद वस्तूतून काही वाजत नाही हे मला कळत होतं. तरी घरात कुणी नसलं आणि रहदारी थांबली की मी टीव्ही लावून ठेवायची.

गेल्या वर्षी आरवाडेकाकांचा फोन आला. आवाजावरून ओळखूच आले नाहीत, इतके थकले होते. "मंडळाचा वर्धापनदिन आहे," ते म्हणाले. "सुमतीबाईंचा सिनेमा लावायचा म्हणतोय. माझ्याकडे प्रत आहे. पण तुला विचारल्याशिवाय नाही लावणार. आणि तू आल्याशिवायही नाही."

"मला जमेलसं वाटत नाही, काका."

"त्या दिवशी तू नियम मोडलास," ते म्हणाले. "तुझं मत बाकी आहे."

मी गेले.

हॉल तोच होता. खुर्च्या प्लास्टिकच्या झाल्या होत्या आणि रसवंतीच्या जागी मोबाइलचं दुकान आलं होतं. पुढच्या दोन रांगांत कॉलेजातल्या मुली बसल्या होत्या. मी मागे, शेवटून दुसऱ्या रांगेत बसले. दिवे गेले.

तांबडे गोल आले. निळ्या फुल्या आल्या. मला वाटलं होतं त्यापेक्षा ते देखणं होतं. त्या वेळी मी मनातल्या मनात ऑपरेशनच्याच खोलीत बसले होते, त्यामुळे मला ते दिसलंच नव्हतं. सूर एकमेकांना हाका मारल्यासारखे वर चढत गेले, आणि प्रत्येक सुराबरोबर एकेक खूण तक्त्यावरून घसरत खाली गेली. शेवटी एक गोल आणि एक फुली उरली. गोल हळूहळू खालच्या कडेला टेकला आणि कडेखाली गेला. फुली जराशी थरथरली. पडदा काळा झाला.

मी खुर्चीचा हात धरला आणि वाट बघू लागले.

तेव्हा इथंच तो सुरू झाला होता. सगळे सैलावले होते, कुणी पिशवी उचलली होती, कुणी खाकरलं होतं आणि त्या सगळ्यांच्या डोक्यावरून तो बारीक सूर चालू होता, आणि कुणाला पत्ता नव्हता. मी आईकडे बघितलं होतं. ती अंधारात मान वर करून, ऐकणाऱ्या माणसासारखी नव्हे, तर ऐकू न येणाऱ्या माणसासारखी बसली होती.

आता मी ऐकत होते. काही नव्हतं. काळोख होता आणि शांतता. काकांची प्रत खराब झाली असेल, असं मनात आलं. एवढी वर्षं मी ज्याला भीत होते ते पुसलं गेलं आणि त्याबरोबर तीही.

तेवढ्यात पुढच्या रांगेतल्या एका मुलीनं कानात बोट घातलं. "ई, हे काय वाजतंय?" ती शेजारणीला म्हणाली.

"हो ना, कुठून येतंय गं?"

"शू!" कुणीतरी दोघींना गप्प केलं.

त्या मुली वर छताकडे बघत होत्या. बाकी हॉल निवांत बसला होता. मीही त्या निवांत बसलेल्यांतलीच होते. माझी पन्नाशी उलटून गेली आहे.

दिवे लागले. आरवाडेकाका काठी टेकत पुढे आले. "आवडलं, नावडलं म्हणायचं नाही," ते म्हणाले. "चला, कोण सुरुवात करतंय?"

मी बोट वर केलं.

काकांनी माझ्याकडे बघितलं. मुलींनी वळून बघितलं. मी उभी राहिले, पण बोट खाली घेतलं नाही, आणि समोरच्या पांढऱ्या पडद्याकडे बघत म्हणाले, "आहे, आई. सूर आहे. मध्ये कुठंही तुटला नाही, दिवे लागेपर्यंत होता. तुला ऐकू येत नव्हता आणि मला येत होता, म्हणून मी फार घाबरले होते."